शशिकलाबाईंच्या मापाची गाडी

"आई, खोका आला! खोका आला!" असं ओरडत परीक्षित दोन-दोन पायऱ्या गाळत जिना उतरला, तेव्हा अयोध्या नगरातल्या अर्ध्या गल्लीला वाटलं, पोराचं लग्न ठरलं. तसलं काही नव्हतं. खोक्यात चार कॉइलओव्हर होते. म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकात एक बसवलेले, वर आटे पाडलेल्या रिंगा. रिंग फिरवली की गाडी हवी तितकी खाली बसवता येते.

परीक्षितची लाल गाडी दिसायला मोठी झोकदार, पण वळणावर अशी डुलायची की मागच्या वर्षी कार क्लबच्या शर्यतीत तो शेवटून पहिला आला होता. त्याच्या पुढचा नंबर कुणाचा? शाळेची मुलं सोडणाऱ्या व्हॅनचा! ते दुःख पोराने वर्षभर उराशी बाळगलं होतं. यंदाची शर्यत रविवारी होती आणि आज शुक्रवार.

"चांगली चालती गाडी खोलायची! कुणी सांगितलेत नसते उद्योग?" शांतारामराव पेपराआडून म्हणाले. पस्तीस वर्षं त्यांनी इथल्या एका मोठ्या कारखान्यात यंत्रं लेव्हलला आणली होती. निवृत्त झाल्यापासून मात्र डुगडुगत्या फ्रिजखाली पुठ्ठे सारणं एवढंच काम त्यांच्या वाट्याला उरलं होतं.

"बाबा, बघा तर खरं! मिलिमीटरमध्ये हाइट सेट होते."

"मिलिमीटर?" पेपर खाली आला.

झालं! शांतारामरावांचा चष्मा बदलला, आवाज बदलला. परीक्षितने बोलावलेल्या मेकॅनिकच्या ते डोक्यावरच उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत चारही कॉइलओव्हर बसवून झाले. उरलं फक्त सेटिंग. शनिवारी परीक्षितला ऑफिस होतं.

"संध्याकाळी येऊन मी करतो. तुम्ही हात नका लावू, प्लीज!"

"छे रे, मी कशाला हात लावतोय," शांतारामराव म्हणाले आणि शनिवारी परीक्षितची पाठ वळताच ओळंबा शोधायला लागले.

पुस्तिकेत लिहिलं होतं, ड्रायव्हर सीटवर बसलेला असताना मापं घ्यावीत. कोणता ड्रायव्हर, ते काही लिहिलं नव्हतं.

"अगं, जरा गाडीत बसतेस का? पाचच मिनिटं."

"मीच का?" शशिकलाबाईंनी विचारलं. शिवाजी नगरातल्या त्यांच्या सरकारी ऑफिसला शनिवारची सुट्टी होती.

"मी गाडीखाली असणार ना! आणि लायसन्स आहे की तुझ्याकडे. आणखी काय लागतं?"

पाच मिनिटांचे साडेतीन तास झाले. गाडीभोवती सुतळ्या ताणल्या गेल्या, चाकं सुतात आणली गेली. शशिकलाबाईंनी सीटवर बसून दोन किलो मटार सोलले, चहा घेतला, नागपूरच्या बहिणीला फोन केला. जरा हलल्या की खालून आवाज यायचा, "हलू नकोस!"

"वजन किती लिहू गं?"

"काही लिहायचं नाही! मी बसलेय, तेवढं पुरे."

अखेर लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मधोमध थांबला. शांतारामरावांना अगदी भरून आलं. मग त्यांनी पस्तीस वर्षं केलं तेच केलं. कारखान्यात पास झालेल्या मापावर पिवळा रंग मारायचे, म्हणजे पुन्हा कुणी हात लावू नये. त्यांनी चारही रिंगांवर ऑइलपेंट थापला. दोन हात.

संध्याकाळी परीक्षितने गाडी पाहिली आणि बाबांना मिठीच मारली. "एकदम कडक! पण उजवी बाजू जरा उचललेली वाटतेय का?"

"रस्ता तिरका आहे," शांतारामराव ठामपणे म्हणाले.

रविवारी तिघं मैदानावर पोहोचले, सरावाची फेरी सुरू झाली आणि रस्ता तिरका नव्हता हे कळलं. गाडी सारखी डावीकडे ओढायला लागली. उजव्या वळणावर तर वाट आखायला ठेवलेले पाच शंकू आडवे झाले. परीक्षितचा मित्र अजिंक्य हातात स्टॉपवॉच घेऊन धावत आला.

"अबे, गाडी लेफ्टला भागतेय तुझी! रिंग फिरव ना, दो मिनट का काम है."

पाना लावला. दोघं लटकले. रिंग ढिम्म हलेना. रंग आट्यांत उतरून पक्का वाळला होता.

"बाबा, हे काय?"

"सील आहे. पास झालेलं माप हलू नये म्हणून."

"अहो बाबा, ते हलवण्यासाठीच तर घेतलं होतं!"

"अंकल, सेटिंगच्या वेळी सीटवर वजन किती होतं?" अजिंक्यने विचारलं. "तेवढी वाळूची पोती टाकू."

शांतारामरावांनी चोरून बायकोकडे पाहिलं. "ते मला सांगता येणार नाही."

"लिहून नाही ठेवलं?"

"परवानगी नव्हती."

तेवढ्यात भोंग्यावर परीक्षितचा सतरा नंबर पुकारला गेला. पाच मिनिटांत गाडी रेषेवर आली नाही तर नाव कटणार होतं. परीक्षित मातीतच बसला. "या वर्षी तर शेवटचाही नंबर नाही," तो म्हणाला.

शशिकलाबाईंनी पुऱ्यांचा डबा बॉनेटवर ठेवला आणि पदर खोचला. "मी बसले की सरळ होते ना ही? मग सरका बाजूला."

"आई, रेस आहे ही!"

"मग? दहाच्या आत ऑफिसात हजेरीचा थम्ब लावायला मी रोज काय बैलगाडीने जाते? ई-रिक्षा, मिनीबस, गाई, सगळ्यांतून काढते. इथे तर एका वेळी एकच गाडी सोडतात, समोरून कुणी येतसुद्धा नाहीये!"

अजिंक्यने घाईघाईने यादीतलं नाव बदललं. अंबाड्यावर हेल्मेट चढलं. शशिकलाबाई सीटवर बसल्या मात्र, गाडी अलगद सरळ झाली!

आणि मग काय सुटली गाडी! परीक्षित कडेने पळत "आई, ब्रेक! आई, राइट!" असं ओरडत होता, पण हेल्मेटमध्ये काही ऐकू जात नव्हतं हेच बरं. धुळीचा लोट उठला, गाडी सुतात वळली, एकही शंकू पडला नाही. अठ्ठावन्न सेकंद! सगळ्यांच्या फेऱ्या संपल्या तेव्हा बत्तीस गाड्यांत तिसरा नंबर! मैदानभर शिट्ट्या वाजल्या. शांतारामराव अनोळखी माणसांना धरधरून सांगत होते, "सेटिंग माझं!" परीक्षित तर आईला उचलायलाच निघाला होता, ऐनवेळी त्याने विचार बदलला.

"बाबा, उद्या थिनर आणतो," कप छातीशी धरून तो म्हणाला. "रंग काढू आणि माझ्या वजनाला सेट करू. पुढच्या महिन्यात इंदूरची रेस आहे!"

शांतारामरावांनी नुसतं मागे बोट दाखवलं. बॉनेटवर वाकून शशिकलाबाई अजिंक्यच्या पेनाने इंदूरचा फॉर्म भरत होत्या. ड्रायव्हरच्या रकान्यात त्यांचं नाव होतं, मेकॅनिकच्या रकान्यात शांतारामरावांचं.

"मालकाचंही नाव लागतं रे," त्या परीक्षितकडे पेन देत म्हणाल्या. "तिथे तुझं लिहिलंय. सही कर."