संध्याकाळ रद्द करण्याबाबत

प्रहर आयोगानं एक एप्रिलपासून जिल्ह्यातली संध्याकाळ रद्द करायचं ठरवलं, आणि तसा मसुदा फेब्रुवारीत सोंडेवाडीच्या चावडीवर चिकटवला गेला. कागद चांगला जाड होता. खळही घट्ट होती.

ग्रामसेवक फुलसुंदर यांनी तो गावाला वाचून दाखवला. सूर्याची वीज सकाळी नऊपासून पाचपर्यंत मुबलक मिळते. पाचनंतर ती आटते, आणि नेमकी तेव्हाच माणसं घरी येतात, दिवे लावतात, टीव्ही लावतात, मिक्सर फिरवतात. तेवढ्या पाच तासांपायी कोळशाची जुनी केंद्रं पेटती ठेवावी लागतात. कोळसा बंद करायचा शब्द तर राज्यानं देऊन ठेवलेला. वीज साठवायच्या बॅटऱ्या अजून वाटेतच आहेत. सबब, मागणी कमी करत बसण्यापेक्षा ती ज्या वेळात होते ती वेळच काढून टाकावी, असं आयोगाचं मत झालं होतं. दिवसाचे पाच वाजले की लगेच रात्रीचे दहा वाजतील. कुणाची हरकत असल्यास एकवीस दिवसांत कळवावी.

"अन् मधले पाच तास जाणार कुठं?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते परिशिष्टात आहे," फुलसुंदर म्हणाले.

"परिशिष्ट कुठंय?"

"मागाहून येणार आहे."

लोकांनी माना डोलावल्या. शेजारच्या तालुक्यात वर्षभर हा प्रयोग चालला होता आणि एकही तक्रार आली नव्हती, असंही कागदात होतं. तक्रारी घेण्याची वेळ तिथं सायंकाळी पाच ते सात ठेवलेली होती.

गर्दीच्या मागं लिंबाजी काळदाते उभा होता. ग्रामपंचायतीच्या दिवाबत्तीचं काम त्याच्याकडं. चावडीसमोरच्या एक नंबरच्या खांबावर लोखंडी पेटी, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली लिंबाजीच्या करगोट्याला. दिवस बुडाला की तो पेटी उघडायचा, खटका ओढायचा, आणि गावातले बेचाळीस दिवे लागायचे. एकतीस वर्षं त्यानं हे केलं. एकदा बारा दिवस तापानं फणफणला होता, तेव्हाही खटका ओढून येऊन मग झोपला होता. त्याला वाचता येत नव्हतं, पण दिवस कुठं बुडतो आणि कधी बुडतो हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

कागद ऐकून माणसं पांगली. लिंबाजी तिथंच थांबला.

"नोकरीची काळजी करू नका, लिंबाजीमामा," फुलसुंदर म्हणाले. "पेटीला सील लावायला माणूस लागणारच आहे."

"नोकरीचं नाही, भाऊसाहेब," लिंबाजी म्हणाला. "घरचं आहे."

घरचं म्हणजे केशरबाईचं. लिंबाजीच्या बायकोची तीन वर्षांपासून आठवण गेली होती. दिवसभर तिला नवरा ओळखू येत नसे. तो ओसरीवर बसलेला दिसला की ती पदर सावरून म्हणायची, "पावणं, कुठल्या गावचं?" लिंबाजी सांगायचा, इथलाच. ती पाणी द्यायची, कधी चहा द्यायची, पण उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. मालक घरी नसताना परका पुरुष आत कसा घ्यायचा? लिंबाजीला तिचं म्हणणं पटायचं. तोही दिवसभर पावण्यासारखा ओसरीवरच बसायचा.

संध्याकाळ झाली, खांबावरचा खटका ओढून लिंबाजी घरी आला आणि त्यानं ओसरीतला दिवा लावला, की केशरबाई दारात येऊन दिव्याला हात जोडायची. सगळं गावच जोडतं, त्यात नवं काही नाही. पण तिचे जोडलेले हात खाली येईपर्यंत तिला सगळं आठवलेलं असायचं. लिंबाजीकडं बघून ती म्हणायची, "आलात व्हय? किती उशीर."

मग अर्धा-पाऊण तास ती त्याची बायको असायची. भाकरी वाढायची. तिच्या भावाच्या लग्नात लिंबाजी रुसून बसला होता, ते दर दोन दिवसांनी काढायची. लिंबाजी ते कान देऊन ऐकायचा. मालक घरात आले म्हणून ती निर्धास्त झोपायची, आणि सकाळी पुन्हा विचारायची, पावणं, कुठल्या गावचं?

हरकतीचा अर्ज फुलसुंदरांनी लिहून दिला. लिंबाजीनं अंगठा उठवला.

सुनावणी तालुक्याला पंचायत समितीच्या सभागृहात झाली. आयोगाचे एक सदस्य आले होते, चष्मा पुसत बोलणारे, सावकाश माणूस. शेजारी लघुलेखक. आधी साखर कारखान्याचे वकील उभे राहिले. कारखान्याचा वापर एक मेगावॉटच्या वर असल्यामुळं भिंतीच्या आत संध्याकाळ चालू ठेवायची परवानगी त्यांना मिळाली. ती संध्याकाळ कामगारांपुरती राहील, बाहेरच्या कुणाला आत घेता येणार नाही, अशी अट पडली. वकिलांनी ती मान्य केली.

मग सोंडेवाडीची जनाक्का उभी राहिली. लिंबाजीची शेजारीण, चार म्हशी बाळगून होती.

"साहेब, म्हैस सांजचं दूध देती. पाचाला दहा वाजले तर तिनं काय करायचं?"

"पशुसंवर्धन विभागाला आम्ही कळवलेलं आहे," सदस्य म्हणाले.

"विभागाला कळलं हो. म्हशीला कोण वाचून दाखवणार?"

सभागृहात हसू झालं. सदस्यांनी ते थांबेपर्यंत वाट पाहिली आणि लघुलेखकाला म्हणाले, "लिहा. जनावरांपर्यंत माहिती पोचवण्याबाबत सूचना प्राप्त."

तिसरं नाव लिंबाजीचं होतं. तो टोपी काढून उभा राहिला.

"तुमची हरकत?"

"साहेब, माझी बायको मला संध्याकाळी ओळखते."

सदस्यांनी चष्मा घातला. "किती वाजता?"

"दिवा लागला की."

"दिवा किती वॅटचा?"

"नऊ."

"एरवी ओळखत नाही?"

"एरवी पावणं म्हणते. चहा देते. वागायला चांगली आहे."

सदस्यांनी थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला.

"हे बघा, लिंबाजीराव. सगळे आपापला विजेचा भार दिवसाउजेडी हलवतायत. गिरणीवाल्यानं दळण दुपारी घेतलं. शेतीचे पंप दुपारी गेले. तुमच्या घरची ओळख दुपारी हलवता येते का, पाहिलंत?"

"नाही पाहिलं."

"मग पाहा. आठ दिवस देतो. झालं तर तुमचाही प्रश्न मिटला, आमचाही."

लिंबाजीला हे बोलणं वाजवी वाटलं. आपण आधीच का नाही करून पाहिलं, असं मनाशी म्हणत तो एसटीनं घरी आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं ओसरीला गोधड्या बांधल्या. जनाक्कानं आपल्याकडची ताडपत्री आणून दिली. फटींत चिंध्या कोंबल्या. काळोख बरा जमला. केशरबाई आत तांदूळ निवडत बसली होती. लिंबाजी बाहेर गेला, एक नंबरच्या खांबापर्यंत जाऊन परत आला, म्हणजे पावलांचा आवाज नेहमीसारखा येईल. आत येऊन त्यानं दिवा लावला.

केशरबाई उंबऱ्यात आली. दिव्याकडं बघितलं. हात जोडले नाहीत.

"पावणं," ती हळूच म्हणाली, "भर दुपारी दिवा लावलाय. कोण गेलं घरातलं?"

जिथं माणूस जातं तिथं दिवसाही दिवा तेवता ठेवतात, ही रीत लिंबाजीच्या ध्यानातच आली नव्हती.

"कुणी नाही गेलं," तो म्हणाला.

"मग माझे मालक कुठायत?"

"येतील."

"खरं सांगा. त्यांचं काही बरंवाईट झालं का?"

ती खाली बसली आणि रडायला लागली. लिंबाजीनं दिवा मालवला, गोधड्या सोडल्या. जनाक्कानं तिला जवळ घेतलं आणि लिंबाजीवर डाफरली, "भाऊजी, पुन्हा नका करू असलं काही. ती बिचारी विधवा व्हायला निघाली होती तुमच्या समोर."

त्या दिवशी खऱ्या संध्याकाळी केशरबाईनं हात जोडले आणि म्हणाली, "आलात व्हय? दुपारी कुणी मेला पावणा आला होता. दिवा लावून बसला. त्याला पुन्हा ओसरीवर बसू देऊ नका."

"नाही देत," लिंबाजी म्हणाला.

झाला प्रकार फुलसुंदरांनी पत्रात लिहून आयोगाला पाठवला. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात अंतिम आदेश आला. एकशे चौदा पानांचा होता. लिंबाजीचं नाव एकोणनव्वदाव्या पानावर होतं. हरकतदारानं भार हलवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला याची आयोगानं समाधानानं नोंद घेतली होती. तथापि नऊ वॅट हा वापर सवलतीच्या किमान मर्यादेपेक्षा फारच कमी असल्यामुळं हरकत निकाली काढली होती.

"जास्त वापरली असती तर मिळाली असती?" लिंबाजीनं विचारलं.

"असं दिसतं," फुलसुंदर म्हणाले.

"मग आम्ही कमी जाळली, हे चुकलं."

"चुकलं असं नाही, मामा. आदेशात तुमचं कौतुकच आहे. पहिल्याच ओळीत."

एकतीस मार्चला शेवटची संध्याकाळ होती. गाव चावडीसमोर जमलं. उपअभियंता तांदळे साहेब सील घेऊन आले होते. पोरीबाळींना नवे कपडे घातले होते. कुणी नारळ आणला होता, पण तो खांबासमोर फोडायचा की नाही यावर एकमत होईना, म्हणून तसाच राहिला. दिवस माळावरच्या सौर पट्ट्यांमागं सावकाश बुडाला. लिंबाजीनं पेटी उघडून खटका ओढला. बेचाळीसच्या बेचाळीस दिवे लागले. सगळ्या गावानं हात जोडले, तांदळे साहेबांनीही जोडले.

लिंबाजी झपाझप घरी आला आणि त्यानं ओसरीतला दिवा लावला.

"आलात व्हय?" केशरबाई म्हणाली. "किती उशीर."

"गर्दी होती."

"कशाची?"

लिंबाजी हात धुऊन पाटावर बसला. तिनं भाकरी वाढली. भावाच्या लग्नातलं रुसणं काढलं. लिंबाजी म्हणाला, "माझंच चुकलं होतं." एवढ्या वर्षांत त्यानं हे पहिल्यांदा कबूल केलं. केशरबाई हसली. "कळलं म्हणायचं," ती म्हणाली. "उद्या येताना गूळ आणा. संपलाय."

"आणतो."

"विसराल."

"नाही विसरायचो."

ती झोपली. लिंबाजी तिच्याकडं बघत बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं गूळ आणून ठेवला. दुपारभर ओसरीवर बसला. केशरबाईनं गाव विचारलं, पाणी दिलं. साडेचारला तांदळे साहेबांनी बोलावलं म्हणून तो चावडीवर गेला आणि पेटीला त्यानं स्वतःच्या हातानं सील लावलं. किल्ली साहेबांकडं दिली. त्याची पोच मिळाली. करगोटा हलका लागत होता. तो घराच्या वाटेला लागला तेव्हा ऊन चांगलं तापलेलं होतं आणि त्याची सावली पुढं पडली होती.

पंचायतीचा भोंगा पाचला वाजला. रात्रीचे दहा वाजले.

सगळीकडं किर्र काळोख होता. कुणाच्याही घरात दिवा नव्हता, कारण दहाला गाव झोपलेलं असतं. जनाक्काच्या गोठ्यात म्हशी हंबरत होत्या. सवयीनं वाट पायाखाली येत गेली आणि लिंबाजी घरापाशी आला. दिवा लावायची वेळ टळून गेली होती. दार आतून लावलेलं होतं. त्यानं कडी वाजवली.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

लिंबाजीनं नाव सांगितलं.

केशरबाई दाराजवळ आली. दार तिनं उघडलं नाही.

"ते तर माझ्या मालकांचं नाव," ती म्हणाली. "तुम्ही दुपारचे पावणं. मी आवाज ओळखला."

"हां," लिंबाजी म्हणाला.

"पावणं, दिवसाचं ठीक आहे. आता रात झाली. एकट्या बाईच्या दारात परक्यानं थांबणं बरं नव्हं. गाव नावं ठेवतं."

"खरं आहे."

"राग मानू नका."

"नाही मानत."

लिंबाजी ओसरीवरून खाली उतरला. चपला घातल्या. मग आठवलं म्हणून मागं वळून म्हणाला, "गूळ ओसरीच्या कोनाड्यात ठेवलाय."

आत केशरबाईला त्याचं काही वाटलं नसावं. ती वेगळंच बोलली.

"पावणं, गेलात का?"

"नाही अजून."

"चावडीवरून जाल ना? तिथं खांबापाशी माझे मालक असतील. दिवे लावायला गेलेत. त्यांना म्हणावं, लौकर या. दार लावून बसलीय, पण डोळा लागत नाही."

"सांगतो," लिंबाजी म्हणाला.

तो चावडीवर आला आणि मालकांची वाट बघत एक नंबरच्या खांबाला टेकून बसला. तिथून वाटेनं येणारा माणूस लांबूनच कळतो.