बानूबाईचं वेगळं गाडगं

बानूबाईने जुन्या लुगड्याचं फडकं तोंडाला बांधलं, नाकावर नीट ओढून घेतलं आणि मगच कालवणावरचं झाकण काढलं. दारात बसून वहाणेतला काटा काढणाऱ्या नवऱ्याने, म्हस्कूने, ते पाहिलं आणि काटा वहाणेतच राहिला.

"फडकं कशापायी?" त्याने विचारलं.

बानूबाईने नुसती मान हलवली. हुलग्याचं कालवण ढवळलं, त्याच्यापुढे भाकरी ठेवली, वर पळीभर कालवण वाढलं आणि फडकं सोडून ती लांब भिंतीशी जाऊन बसली.

"आन् तू गं?"

"मी मगाशीच जेवले. माझं येगळं रांधलं व्हतं."

चुलीच्या अंगाला खरोखरच एक लहान गाडगं उपडं घातलेलं होतं. असं गाडगं त्या चुलीपाशी आजवर कधी नव्हतं. म्हस्कूचा घास हातात होता तो हातातच थिजला. त्याच्या डोळ्यांपुढे वऱ्हाडातली सुंदरा उभी राहिली.

ही सुंदरा कोण, ते सांगितलं पाहिजे.

सातव्या एडवर्डाच्या राज्यातली ही गोष्ट. पेठेत सुवालाल शेठचं किराणाचं दुकान होतं. पुण्याहून टांग्याने वर्तमानपत्र यायचं, ते शेठ ओट्यावर बसून मोठ्याने वाचायचे. राजकारण, पीकपाणी, बाजारभाव हे सगळं ते वाऱ्यावर सोडत. त्यांना गोडी होती ती एकाच प्रकारच्या बातमीची: अमक्या गावी बाईने नवऱ्याला विष घातलं, तमक्या गावी सुनेने सासूला विहिरीत लोटलं. स्वतः शेठ वाटेतली मुंगी चुकवून चालणारे. पण अशी बातमी आली की त्यांचा चेहरा दिवाळीसारखा उजळायचा. गिऱ्हाईक गुळासाठी तासभर ताटकळलं तरी चालेल, पंचनामा पुरा वाचून व्हायचा.

सुंदरेची बातमी त्यांनी अशीच वाचली. तिने नवऱ्याच्या कालवणात धोतऱ्याचं बी वाटून घातलं, नवरा आणि दीर दोघेही गेले, आणि तिला जन्मठेप काळं पाणी झालं. ओट्यावर त्या दिवशी महाळुंगे पडवळचे चिमाजीबुवा बसले होते. चैत्राच्या उत्सवात राममंदिरात त्यांचं कीर्तन होतं. पूर्वरंग तयार होता, आख्यान सुचत नव्हतं. ते त्यांना ओट्यावर सापडलं.

बुवांचं कीर्तन म्हणजे काय सांगावं. दिवस कलताना वीणा खांद्यावर आली की मारुतीसमोरची चिंचही कान देऊन उभी आहे असं वाटायचं. त्या दिवशी बुवांनी सुंदरेला एकदाही चांडाळीण म्हटलं नाही. ती परकरी वयात सासरी कशी आली, पाण्याच्या खेपा घालताना माहेरच्या वाटेकडे कशी बघायची, हे सांगताना बायकांच्या बाजूने पदर डोळ्यांना लागले. मग तिने धोतऱ्याचं बोंड खुडलं. मग फडक्यात तोंड बांधून बी वाटलं, आपलं जेवण आपण वेगळं केलं, आणि नवऱ्याला हसून वाढलं. नवऱ्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि डोळे पांढरे केले.

नेमका इथे म्हस्कू उठला. त्याची मेंढरं कोंडायची राहिली होती. पुढे बुवा जे बोलले ते त्याने ऐकलं नाही. कीर्तनातून मधेच उठणाऱ्याचं असंच होतं. विष घेऊन तो घरी जातो, उतारा देवळातच राहतो.

तर ते विष घेऊन म्हस्कू आता ताटापुढे बसला होता. "भूक न्हाई," असं पुटपुटत त्याने भाकरी-कालवण उचललं, मेंढवाड्यात नेलं आणि काळ्या कुत्र्यापुढे ओतलं. काळ्याने ते एका दमात संपवलं आणि आणखी आहे का म्हणून वर पाहिलं.

रात्रभर म्हस्कूने आपल्या अपराधांची उजळणी केली. फार दूर जावं लागलं नाही. संक्रांतीच्या सुमाराला कालवण अळणी झालं होतं, आणि त्याने मेंढरं वळायची काठी बानूबाईच्या पाठीत घातली होती. कालवणात मीठ नाही म्हणून. ती तेव्हा रडली नव्हती, हे आता त्याला आठवलं. रडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी बानूबाई उठली तर पाण्याची घागर भरलेली. तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. चुलीपाशी सरपण फोडून रचलेलं होतं, आणि दारात म्हस्कू उभा राहून विचारत होता, "बानूबाई, पाय लई दुखत्यात का तुजं?"

लग्न झाल्यापासून तो तिला 'ए' म्हणत आला होता. बानूबाई भिंतीला टेकली.

आता बानूबाईकडची बाजू. ती शेठच्या घरी तूप घालायला जायची आणि धापूबाई शेठाणीशी तिचं गूळपीठ होतं. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी शेठाणींनी चैत्रातली ओळी, म्हणजे जैनांचं नऊ दिवसांचं व्रत, धरली होती. त्या आयंबिल करत: दिवसातून एकदा जेवण, तेही बिनमिठाचं, बिनतेलाचं, वेगळ्या भांड्यात शिजवलेलं, आणि प्यायला उकळून गार केलेलं पाणी. बानूबाईने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे केल्याने काय होतं? मन धुऊन निघतं, शेठाणी म्हणाल्या. बानूबाईने तिथेच व्रत उचललं. कोणाला सांगायचं मात्र नाही असं ठरवलं, कारण वस्तीवरच्या बायांनी "काय गं, वाणीण झालीस का" म्हणून तिचा जीव खाल्ला असता. शेठाणी सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसताना तोंडाला मुहपत्तीचं फडकं बांधत. बानूबाईने ते चुलीपुढे बांधलं. व्रत उसनं घेतलं की थोडं इकडचं तिकडे होतंच.

आणि व्रत धरलं न धरलं तोच नवरा पाणी भरू लागला. हे फळ बघून तिची श्रद्धा दुणावली. आधी ती फडकं एकपदरी बांधायची, आता दुपदरी बांधू लागली. म्हस्कूने दुपदरी फडकं पाहिलं आणि त्याच दिवशी तिच्यासाठी बाजारातून बांगड्या आणल्या. बांगड्या पाहून बानूबाईने हात जोडले आणि ठरवलं की पौर्णिमेपर्यंत एक दिवसही चुकायचं नाही. तो जितका भिऊन गोड वागे तितकी ती मनोभावे व्रत करी, आणि ती जितकं मनोभावे व्रत करी तितका तो भिई. त्या झोपडीत इतका गोडवा यापूर्वी कधी नव्हता, आणि म्हस्कू वाळत चालला होता. तो लोकांच्या खळ्यांवरचा हरभरा खाऊन दिवस काढत होता.

काळ्या मात्र दोन्ही वेळचं जेवत होता. माणसाचं जेवण, तेही रोज हुलगे. एका दुपारी म्हस्कू मेंढवाड्यात गेला तर काळ्या आडवा पडलेला, पाय वर, पोट नगाऱ्यासारखं तट्ट, डोळे अर्धे मिटलेले. म्हस्कूने हाक मारली. काळ्याने शेपूट हलवायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

म्हस्कू पळत चुलत्याकडे, यमाजीकडे गेला. यमाजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ल्येका, कुत्र्यानं तुजा जीव वाचिवला. चल, पाटलाकडं."

भिमाजी पाटील पोलीसपाटील होता. इतकी वर्षं पाटीलकी केली, पण बांधाच्या भांडणापलीकडे त्याच्या हाती काही लागलं नव्हतं. विषप्रयोग म्हटल्यावर तो आधी हरखला, मग ते लपवायला गंभीर झाला. कालवणाचं मडकं मुद्देमाल म्हणून जप्त झालं. पण विष ओळखायचं कोणी? गावात या विषयातला जाणकार एकच. वरात सुवालाल शेठच्या ओट्याकडे निघाली: पुढे पाटील, मागे मडकं घेतलेला यमाजी, त्यामागे म्हस्कू, आणि सगळ्यांत शेवटी बानूबाई, तिला अजून कोणी धड काही सांगितलंच नव्हतं. वाटेत जो भेटला तो सामील झाला.

शेठना आयुष्यात पहिल्यांदा बातमी घरपोच आली होती. त्यांनी तराजू बाजूला सारला, चष्मा पुसला, मडक्यात डोकावून पाहिलं, वास घेतला आणि लक्षणं विचारली. फडकं? बांधते. वेगळं शिजवते? शिजवते. पाणी? तेही वेगळं, उकळून. शेठनी चष्म्यावरून गर्दीकडे पाहिलं. "तंतोतंत वऱ्हाडचा मामला," ते म्हणाले. "खेडला वर्दी द्यावी लागेल, पाटील."

खेड म्हणजे फौजदार, फौजदार म्हणजे बेडी. आता कुठे बानूबाईला कळलं की ही गर्दी तिच्यासाठी आहे. तिने म्हस्कूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

"बाई," पाटील म्हणाला, "खरं काय ते बोल. फडकं कशाला बांधतीस?"

व्रत कोणाला सांगायचं नाही हे बानूबाईचं ठरलेलं होतं. ती नुसती शेठच्या आतल्या दाराकडे बघत राहिली. ते बघणं गर्दीने कबुली म्हणून घेतलं. म्हस्कू पुढे झाला. "पाटील," तो म्हणाला, "तिला नेऊ नगा. मी मेलो न्हाई अजून. जेवलोच न्हाई तर मरन कसा? आसंच चालू द्या."

त्यावर कोणी हसायच्या आत आतलं दार उघडलं. धापूबाई शेठाणी सहसा ओट्यावर येत नसत. आज डोईवरचा पदर सावरत आल्या, मडक्याकडे पाहिलं, बानूबाईकडे पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडे वळल्या.

"कोण कुणाला विष घालतंय?"

शेठनी लक्षणं पुन्हा सांगायला सुरुवात केली. फडकं, वेगळं भांडं, उकळलेलं पाणी... सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

"म्हणा, पुढे म्हणा," शेठाणी म्हणाल्या. "बिनमिठाचं, बिनतेलाचं, दिवसातून एकदा. आमच्या घरात दर चैत्रात मी हेच करते. समोर वेगळं भांडं असतं ते तुम्हाला कधी दिसलं नाही, वऱ्हाडातल्या बाईचं गाडगं बरं दिसलं. बानूबाईने ओळी धरलीय. माझ्यापाशी धरलीय."

शेठ चष्मा पुसू लागले. तो आधीच स्वच्छ होता. पाटलाने अखेरची आशा म्हणून विचारलं, "पन कुत्रं? कुत्रं तर मेलं ना?"

उत्तर द्यायची गरज पडली नाही. गर्दीच्या पायांतून वाट काढत काळ्या आला. पोट उतरलं होतं, भूक परतली होती. रोजच्या वासामागून तो इथवर आला होता. त्याने सरळ मुद्देमालात तोंड घातलं आणि पाटलादेखत मडकं चाटून पुसून साफ केलं.

मग मात्र लोक हसले. यमाजीही हसला, जसं काही तो मडकं उचलायला आलाच नव्हता. पाटील म्हस्कूला म्हणाला, गड्या, पुढल्या खेपेला आधी जेवून बघ आन् मग ये. शेठाणींनी बानूबाईच्या ओटीत ओंजळभर तांदूळ घातले. बायको उपास करते आणि हा तिला खुनी ठरवतो, म्हणून बायांनी म्हस्कूला वाटेल ते ऐकवलं. त्याने सगळं मान खाली घालून घेतलं. खरंच होतं ते.

वस्तीच्या वाटेला दोघं लागली. काळ्या पुढे.

"चुकलं माजं," शेवटी म्हस्कू म्हणाला. "पन तू ह्यो उपास धरलास कशापायी? आपल्यात कुठं आसतोय?"

बानूबाई चालत राहिली. बांध आला. तिथे धोतऱ्याचं एक झुडूप होतं, काटेरी बोंडांनी लगडलेलं. ती थांबली.

"तुमी कीर्तनातनं उठून गेला," ती म्हणाली. "मी शेवटपातुर व्हते. बुवा म्हनालं, धोतरा आधी बांधावर उगवत न्हाई, मनात उगवतो. बोटाएवढा हाय तवाच उपटा. आन् ज्याच्या घरात उगवतो त्यानं बघावं, त्याला पानी कोन घालतंय."

"मग?"

"तुमी मिठापायी काठी घातली ना, तवा मी हितं आले व्हते. एक बोंड खुडलं बी व्हतं." तिने झुडपाकडे बोट केलं नाही, नुसती हनुवटी हलवली. "मग फेकून दिलं. पन मनात आलं ते आलंच. ते धुवायला धरला उपास. मिठावनं झालं, म्हनून मीठच सोडलं."

म्हस्कू उभाच राहिला. म्हणजे तो ओट्यावर अगदीच चुकला नव्हता. नुसता तीन महिने उशिरा पोचला होता. आणि हे आता जन्मभर कोणाला सांगायची सोय नव्हती. पाटलाला नाही, यमाजीला नाही, काळ्यालासुद्धा नाही. सगळ्या गावात त्याची अक्कल निघाली होती ती तशीच निघालेली राहणार होती.

हातातली काठी त्याने बराच वेळ बघितली. मग मुकाट्याने वाकला, धोतऱ्याच्या मुळाशी काठी घातली आणि जोर लावला. झुडूप मुळासकट वर आलं. काठीही मधोमध मोडली. दोन्ही त्याने ओढ्यात टाकली.

घरी बानूबाईने शेठाणींचे तांदूळ गाडग्यात शिजवले. कालवणाचं मडकं पाटलाकडेच राहिलं होतं, तेव्हा म्हस्कूसाठी दुसरं काही नव्हतं. तो चुलीपाशी येऊन बसला आणि आपलं ताट पुढे सरकवलं.

"ह्यातलंच वाढ."

"अळणी हाय."

"वाढ तू."

तिने वाढलं. कितीतरी दिवसांनी तो घरचा घास घेत होता. बिनमिठाचा, बिनतेलाचा, नुसता पांढरा भात. त्याने पहिला घास चावला, दुसरा चावला. बानूबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा झालाय?"

म्हस्कूने घास गिळला, पुन्हा ताट पुढे केलं आणि म्हणाला, "मीठ अगदी बेतात पडलंय."