समभाग पाणी

१८ एप्रिल १९७८, मंगळवार. आजचं काम: पोलीस ठाण्यातून निकम कंपाउंडरची मोटार सोडवून आणणे. गुन्हा: दारू पिऊन गाडी चालवणे.

आमच्या कॉलनीत हे कुणालाही सांगितलं असतं तर तो हसला असता. निकमांनी दारू पिणं म्हणजे देवळातल्या दगडी कासवाने कुणाला तरी चावण्यासारखं होतं.

निकमांची ओळख एका वाक्यात होते, आणि ते वाक्य त्यांचंच आहे. "घ्या, पण समभाग पाण्याबरोबर." नाशकातल्या एका डॉक्टरांकडे त्यांनी उभा जन्म कंपाउंडर म्हणून काढला. बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवायची, खिडकीतून बाटली पुढे करायची आणि हे वाक्य म्हणायचं. पुढे दवाखाना बंद झाला, बाटल्या सुटल्या, वाक्य सुटलं नाही.

ते जेवायला माझ्या खानावळीत येत. चहात तेवढंच गरम पाणी घालून घेत. एकदा आमटीतही घालायला लागले, तेव्हा मी म्हटलं, "निकम, त्यात मी आधीच घातलंय."

"किती?"

"समभाग."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि वाटी तोंडाला लावली. माझा टोमणा त्यांना लागला की नाही, ते आजही मला सांगता येणार नाही.

शेजारच्या शिंद्यांचं नवरा-बायकोचं भांडण एकदा गॅलरीत आलं. निकम खालून शांतपणे म्हणाले, "बोला, पण समभाग पाण्याबरोबर." दोघं मिळून निकमांवर धावून आले. त्या जोडप्याचं कशावर तरी एकमत झालेलं आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का म्हणून विचारलं तर म्हणत, "दवाखाना नऊला बंद व्हायचा, वहिनी. त्यानंतर मुलगी कोण दाखवतं?"

व्यसन एकच, घरच्या द्राक्षासवाचं. द्राक्षांचा हंगाम संपत आला की गळालेले मणी स्वस्तात आणायचे, गूळ आणि आंबण्यासाठी धायटीची फुलं घालून बरणीत भरायचे, बरणीचं तोंड कणकेने लिंपायचं. पुढे काही महिने बरणीला हात लावायचा नाही. रोज दोन्ही जेवणांनंतर अर्धा औंस, मापाच्या काचेच्या पेल्यातून, अर्थातच समभाग पाण्याबरोबर. कुणी आसव म्हणजे दारूच म्हटलं तर ते चिडत नसत, फक्त त्या माणसाची जीभ बघायला मागत.

आणि ती मोटार. काळी, विलायती, म्हातारी. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी ती यांच्या नावावर करून दिली होती. तिची बॅटरी मागच्या सीटखाली होती आणि तिथली तार सैल होती. मागे कुणी बसलं की तार दाबली जाई आणि गाडी सुरू होई. मागे कुणी नसलं की गाडी ढिम्म. दुसरा कुणी असता तर तार बदलून मोकळा झाला असता. निकमांनी मागच्या सीटवर एक दगडी पाटा ठेवला. गाडीत माणूस आला की पाटा खाली, माणूस उतरला की पाटा वर. रोज सकाळी पावणेआठला, इस्त्रीचा सदरा घालून, पाट्याला मागे बसवून ते कुठेतरी जात आणि दहाला परत येत. कुठे जाता विचारलं तर म्हणत, "व्हिजिटला." आम्ही समजलो, म्हातारपणी चार पैशांसाठी कुणाची तरी ड्रायव्हरकी करत असतील. जास्त विचारलं नाही.

तर हे गृहस्थ सोमवारी संध्याकाळी द्वारकेच्या चौकात सापडले. कुणाला धडक नाही, आरडाओरडा नाही. चौकाच्या मधोमध गाडी उभी केली होती आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाला हात दाखवून सांगत होते, "जा बाबा, तू आधी." ट्रक, टांगे, सायकली, एक उसाची बैलगाडी. सगळे एकदमच आधी निघाले आणि आग्रा रोड दोन्ही बाजूंनी तुंबला. हवालदाराने काच खाली करायला लावली, वास घेतला आणि चावी काढून घेतली. रात्र कोठडीत गेली. मंगळवारी सकाळी कोर्टात गुन्हा कबूल केला, दंड भरला, सुटले. पण लायसन पोलिसांनी ठेवून घेतलं आणि गाडी ठाण्यातच राहिली. ती न्यायला लायसनवाला माणूस पाहिजे. मंडईतून भाजी आणायला मी आमची जुनी व्हॅन चालवते, म्हणून त्यांनी माझं नाव सांगितलं.

दुपारचे डबे रवाना करून मी ठाण्यात पोचले. निकम बाकावर बसले होते. सदरा चुरगळलेला, केस मात्र पाणी लावून बसवलेले.

"वहिनी, त्रास दिला."

"त्रास नंतर बघू. किती घेतली होती?"

"आसवाची अख्खी बाटली."

"समभाग?"

त्यांनी मान हलवली. नाही.

टेबलामागे हवालदार बसला होता. जाडजूड, मिशीवाला, घामाने डबडबलेला. तो म्हणाला, "बाई, गाडी आज नाय भेटनार. साहेबांची सही लागती. साहेब वणीला गेलेत, गडावरच्या यात्रेच्या बंदोबस्ताला. उद्या दुपारी या."

"उद्या दुपारी चालणार नाही," निकम बाकावरूनच म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा वर होता. "सकाळी आठला गाडी पाहिजे."

"काय कलेक्टरला न्यायचंय का?"

 मी निकमांना व्हरांड्यात घेऊन गेले. "आठला काय आहे? खरं सांगा, मला संध्याकाळचा स्वयंपाक आहे."

मग त्यांनी सांगितलं. डॉक्टरांना सहा वर्षांपासून काही आठवत नाही. दवाखाना बंद झाला, तेही आठवत नाही. सकाळी उठून कोट घालतात, बॅग घेतात आणि व्हिजिटच्या गाडीची वाट बघत पायरीवर बसतात. गाडी आली नाही तर चालत निघतात. एकदा असेच निघाले, तर हायवेवर ट्रकच्या रांगेत सापडले. म्हणून निकम रोज त्यांना व्हिजिटला नेतात. पेशंट ठरलेले आहेत. एक शिंपिणीची सासू. एक कांबळे म्हणून कचेरीतले कारकून, ते कामावर जाण्यापूर्वी शाल पांघरून खाटेवर पडतात. डॉक्टर नाडी बघतात, चिठ्ठी लिहितात. निकम बाटली देतात, आत घरचं द्राक्षासव.

"आणि ते लोक रोज आजारी पडतात?"

"आपल्या वेळी डॉक्टरांनी त्यांची पोरं वाचवलीत, वहिनी. कांबळे तर लय बेष्ट कण्हतात. फक्त दुखायची बाजू बदलतात, ती मला सांभाळावी लागते."

"मग आज डॉक्टरांचं काय केलं असेल?"

"डॉक्टरांच्या बाईसाहेबांनी आज रविवार आहे म्हणून सांगितलं असेल. रविवारी व्हिजिट नसते. पण लागोपाठ दोन रविवार चालत नाहीत. तेवढं त्यांना कळतं."

मी पदराने घाम पुसला. "आणि काल पाणी का घातलं नाही?"

ते गाडीकडे बघत म्हणाले, "काल सकाळी मी दार उघडून धरलं, तर डॉक्टर म्हणाले, आपण कोण? आणि आमचा कंपाउंडर कुठाय?" मग म्हणाले, "बाईसाहेबांना ते आधीपासूनच ओळखत नव्हते. मला ओळखायचे."

 मी म्हटलं, "चला आत. सहीचं बघू."

आत हवालदाराने निकमांना सहज अहिराणीत विचारलं, "तुमना गाव कोनता शे?"

"सटाणा."

"मंग आपलाच मानूस शे," तो म्हणाला आणि चहा मागवला. पण सही काही त्याच्या हातात नव्हती. टेबलावर गाडीतून जप्त केलेला माल मांडला होता. दोन बाटल्या आणि पाटा. बाटल्या डॉक्टरांच्या घरी पोचवायच्या होत्या, त्याच वाटेवर निकम अडकले. एक बाटली गच्च भरलेली होती, दुसरी खांद्याच्या बरीच खाली. मी तिच्याकडे बघितलं.

"वास घेऊन तपासली," हवालदार म्हणाला.

"नाकाने?"

"खोकला हाय मला, बाई."

"समभाग पाण्याबरोबर घ्यायची," निकम कळकळीने म्हणाले.

"आणि हा पाटा कशाला जप्त केलाय?" मी हवालदाराला विचारलं.

"दगड हाय. गाडीत दगड कशाला ठेवतंय कोन? दंगलीचा संशय."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. साहेब वणीहून आजच परतले होते आणि त्यांची जीप फाटकाबाहेर अडकली होती. कारण निकमांची गाडी पोलिसांनी ढकलत आणली होती आणि फाटकातच ती अडकून बसली होती. दिवसभर कुणाच्याच हातून ती सुरू झाली नव्हती. पाटा टेबलावर होता ना.

साहेब धुळीने पांढरे झाले होते. "हे काय धूड आहे?"

"साहेब, दारूबंदीची केस," हवालदार म्हणाला.

"मग ते फाटकात कशाला?"

मी पुढे झाले. "साहेब, मी आत्ता काढते. लायसन आहे माझ्याकडे. फक्त तुमची सही झाली पाहिजे आणि मागे कुणीतरी बसलं पाहिजे."

"मागे कशाला?"

"त्याशिवाय ती सुरू होत नाही."

साहेबांनी माझ्याकडे, निकमांकडे आणि मग गाडीकडे बघितलं. यात्रेत दिवसरात्र उभा राहिलेला माणूस जास्त प्रश्न विचारत नाही. हवालदाराला म्हणाले, "बस मागे." हवालदार बसला. मी चावी फिरवली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. हवालदाराच्या वजनात दोन पाटे सहज बसले असते. साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. पाटा परत मिळाला. बाटल्या मिळाल्या नाहीत, त्या मुद्देमालात राहिल्या. त्यातला किती पुढे राहिला असेल, मी विचारलं नाही.

परत येताना निकम माझ्या शेजारी बसले होते. म्हणाले, "उद्या मी येत नाही, वहिनी. तुम्ही गाडी न्या, पत्ता देतो. अनोळखी माणूस बघितला की डॉक्टर घाबरतात. मी आता अनोळखी."

"मी कोण आहे मग? त्यांची मावशी?" मी म्हटलं. "साडेसातला तयार राहा. बाटल्या भरून घ्या."

बुधवारी सकाळी मी पातळ बदललं, मदतनीस बाईंवर पोळ्या सोपवल्या आणि गाडी काढली. पायरीवर डॉक्टर बसले होते. उंच, कृश, एप्रिलच्या उन्हाळ्यात कोट घातलेला, मांडीवर बॅग. शेजारी बाईसाहेब उभ्या होत्या, डोळे जागरणाने सुजलेले. निकम उतरले, पाटा खाली घेतला आणि दार उघडून धरलं. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं. ओळख नव्हती.

"हे कोण?"

निकमांचा हात दारावरच राहिला. मी स्टिअरिंगवरून मागे वळून म्हटलं, "पेशंट आहेत डॉक्टर. झोप लागत नाही यांना."

डॉक्टर मागे बसले. मग निकमांना हाताने शेजारी बोलावलं. निकम बसले. डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ नाडी बघितली. निकम शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले होते.

"काळजी करू नका," डॉक्टर म्हणाले. "औषध लिहून देतो. पण दुसरीकडून घेऊ नका. आमच्या कंपाउंडरकडूनच घ्या. निकम नाव त्याचं. त्याच्यासारखा हात नाही कुणाला."

"बरं," निकम म्हणाले.

"आणि ते समभाग..."

"पाण्याबरोबर," निकम म्हणाले.

"अं? तुम्हाला कसं माहीत?"

 मागे आता दोघं बसले होते, तार चांगली दाबली गेली होती. मी चावी फिरवली, गिअर टाकला आणि गाडी कांबळ्यांच्या घराकडे वळवली. ते शाल पांघरून ताटकळले असतील.