गोपनीय अहवाल

जुन्या लॅपटॉपचा गोपनीय अहवाल असल्याशिवाय नवा लॅपटॉप कोणाकडेही रुजू होत नाही, हे मला माहीत होतं. माझ्या लॅपटॉपने तो अहवाल द्यायलाच नकार दिला, हे मात्र अति झालं.

सकाळी बार्शीत तांबोळींच्या दुकानात मी दोन तास घालवले होते. अभ्यासाला आणि संशोधनाला हवा, म्हणजे बॅटरी टिकाऊ हवी, कीबोर्ड हाताला सोसवणारा हवा, दहा-बारा फायली एकदम उघडल्या तर त्याला धाप लागता कामा नये. एक करडा लॅपटॉप मला आवडला. त्याने अदबीने विचारलं, "विषय?"

"पेवं. धान्य साठवायचे जमिनीतले खड्डे. पीएचडी आहे."

"मुदत?"

"तीस तारीख. त्यानंतर नोंदणी रद्द. नऊ वर्षं पाण्यात."

"मी तयार आहे मॅडम. फक्त आधीच्यांचा अहवाल आणा."

घरी आल्या आल्या मी जुन्याला सांगितलं, तर म्हणाला, "देणार नाही."

"अरे बाबा, तुझी पाच बटणं निखळलीत! तुला काय मी उकिरड्यावर टाकतेय का?"

"तसं नाही बाई. अहवालात खरं लिहावं लागतं. मला तुमची अब्रू काढायची नाही."

माझं डोकंच फिरलं. "माझी कसली अब्रू? लिही काय लिहायचं ते!"

"अगं, जरा गोडीने घे," आमचे हे स्वयंपाकघरातून म्हणाले. "नऊ वर्षांत माझ्यापेक्षा तोच जास्त बसलाय तुझ्यासोबत."

शेवटी त्याने लिहून दिलं. पाकीट बंद होतं. आपण ते उघडायचं नसतं. दुसऱ्या दिवशी मी ते करड्यापुढे ठेवलं. त्याने सावकाश वाचलं.

"मॅडम, मला रुजू होता येणार नाही."

"का? वाईट लिहिलंय?"

"चांगलंच लिहिलंय. पण तुमच्याकडे काम शिल्लक नाही. प्रबंध तीन वर्षांपूर्वी अकरा मार्चला पूर्ण झाला. त्यानंतर तुम्ही नुसतं मुखपृष्ठ बदलताय. एकशे एकोणसाठ वेळा."

तांबोळी काउंटरची काच पुसू लागले. ती आधीच स्वच्छ होती.

"निष्कर्ष कच्चा आहे अजून," मी म्हणाले.

"अहवालात तो उत्तम आहे असं नोंदवलंय. पुढे लिहिलंय, बाई घाबरतात."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. खोटं काही नव्हतं त्यात. लोक विचारायचे, "झालं का हो?" आणि मी म्हणायचे, "होत आलंय." होत आलेल्या गोष्टीला कोणी टाकाऊ म्हणत नाही. दिल्यावर म्हणू शकतात, आणि तेवढं ऐकायची माझी छाती नव्हती.

तरी एकोणतीस तारखेला पाच प्रती बांधून मी विद्यापीठात गेले. अर्जात एक रकाना होता: विलंबाचे कारण. आजारपण लिहावं, बदली लिहावी, असं खूप वाटलं. मी 'भीती' लिहिलं आणि अर्ज खिडकीतून आत सरकवला.

आतल्या बाईंनी चष्मा वर करून वाचलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हे हाताने नाही लिहायचं हो," त्या म्हणाल्या. "त्याचा शिक्का असतो."

त्यांनी खणातून शिक्का काढला, माझ्या अक्षरांवर दाबला. उठला नाही. पुन्हा दाबला, तेव्हा कुठे 'भी' तेवढा दिसला.

"झिजलाय," त्या म्हणाल्या. "दरवर्षी नवीन मागवतो, तरी पुरत नाही. पुढचे या."