आधी अँप बंद

लाईट गेली की आमच्या शेजारचे दिनूतात्या मेणबत्ती शोधत नाहीत, ते पळत सुटतात. ताटावरून उठून पळतात, अर्ध्या दाढीचा साबण तसाच ठेवून पळतात. एकदा तर फोनवर जावई बोलत असताना त्यांनी फोन कोचावर टाकला, हॉलमधल्या अँपचं बटण बंद केलं आणि मगच श्वास सोडला. कसबा बावड्यातल्या आमच्या कॉलनीत नवीन आलेल्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याच्या घराला आग लागली.

अँप म्हणजे अँप्लिफायर. तात्यांच्या हॉलमध्ये तो आहे, जुना कॅसेटचा डेक आहे, माईक जोडायचा छोटा मिक्सर आहे आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आहेत. माणसांना बसायला उरलेली जागा. अँप चालू राहिला आणि गेलेली लाईट परत आली की या स्पीकरमधून 'फट्' असा बार निघतो; तो निघू नये, यासाठी तात्यांचा जन्म आहे. नियम त्यांनी अख्ख्या कॉलनीकडून पाठ करून घेतलाय. चालू करताना आधी डेक, मग मिक्सर, शेवटी अँप. बंद करताना आधी अँप.

"अँपनं शेवटाला यायाचं आन् आधी जायाचं, बाई. जावयासारखं!" मी शाळेत शिकवते, म्हणून मी 'बाई'.

हा नियम तात्या स्वतःलाही लावतात. लग्नात अक्षता पडता पडता पोचतात आणि नवरानवरी जेवायला बसायच्या आत घरी असतात. कुणाकडे सत्यनारायण असला तर आरतीला येतात, आणि आरतीचं ताट फिरेपर्यंत प्रसादाचा द्रोण हातात घेऊन फाटकाबाहेर.

एकदा ते आणि त्यांची बायको, शालनकाकी, नृसिंहवाडीला दत्ताच्या दर्शनाला गेले होते. देवळातून मला फोन. मागे घंटा वाजतायत आणि तात्या घंटांच्याही वर आवाज चढवून ओरडतायत, "बाई, सेट चालूच राह्यला की वो! किल्ली हाय तुमच्याकडं. आधी अँप बंद करा, मग मिक्सर!" मी धावत गेले. अँप बंद केला. मग स्वयंपाकघरात गेले. मिक्सर होता, भांड्यात थोडी शेंगदाण्याची चटणीही होती, पण तो आधीच बंद. आता क्रम चुकायला नको, म्हणून मी तो चालू केला आणि पुन्हा बंद केला. झाकण लावायचं राहिलं होतं. तात्यांनी परत आल्यावर भिंतीवरची चटणी बघितली आणि एवढंच विचारलं, "अँप आधीच बंद केलासा न्हवं?"

मला याचं फार नवल वाटायचं. हा माणूस सारी उमर शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत राबला. हातोड्यांच्या आवाजात बोलून बोलून यांचा आवाज असा झालाय की, यांनी सकाळी "काय बाई, च्या झाला का?" विचारलं की कोपऱ्यावरची कुत्री उठून बसतात. आणि हे एका 'फट्'ला भितात? एकदा न राहवून विचारलंच.

तात्यांनी आवाज हळू केला. म्हणजे आपण मोठ्याने बोलतो तेवढा केला. शालनकाकी आत चहा करत होत्या. त्यांना ऐकू कमी येतं, कानात मशीन आहे.

"आवं, मागं एकदा गडबडीत अँप बंद न करताच बोर्डाचं बटण दाबलं. असा बार झाला! ही स्पीकरच्या पुढंच हुती. कानातलं मशीन काढलं आन् टाकलं लवंगांच्या डबीत. दिवाळी गेली, शिमगा गेला, मशीन डबीतच. स्पीकर फाटला तर दुसरा आणीन की. हिनं मशीन काढलं तर मी बोलू कुणासंगं? भिताडासंगं?"

मी चहा पिऊन घरी आले.

यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू कॉलनीच्या हॉलमध्ये ठरलं आणि बायकांनी माईकवर उखाणे घ्यायचं ठरवलं. शालनकाकी पूर्वी उखाण्यात कुणाला हार जायच्या नाहीत. पण "माझं मलाच ऐकू येत न्हाय, नाव काय घेऊ?" म्हणत त्यांनी ते सोडून दिलं होतं. या वेळी हो म्हणाल्या. झालं, तात्यांनी सगळा सेट हॉलमध्ये हलवला आणि नियमाने चालू केला. मग हळदीकुंकवात पुरुष नको म्हणून आम्ही त्यांना बाहेर पायरीवर बसवलं. तिथून ते मान लांब करून अँपकडे बघत बसले.

काकींनी माईक हातात घेतला आणि लाईट गेली.

"सरका! सरका गं पोरींनू!" तात्या आत घुसले. वाणाच्या वाट्या ओलांडल्या, तिळगुळाच्या ताटात एक पाय पडला, माझ्या जाऊबाईंच्या शालूवर दुसरा. अँप पार पलीकडच्या कोपऱ्यात, आणि वाटेत मांडी घालून बसलेल्या बायका. मध्येच ते थबकले. अँपकडे बघितलं. मधोमध उभ्या असलेल्या काकींकडे बघितलं. आणि सरळ पुढे होऊन त्यांनी आपले दोन्ही तळवे काकींच्या कानांवर गच्च दाबले.

लाईट आली. फट्!

पोरं रडायला लागली, कुणाचा तरी करंडा सांडला. काकी तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"तात्या, अँप राहिला की!" मी म्हणाले.

"कानातलं मशीन बी अँपच की, बाई," हात तसेच ठेवून तात्या म्हणाले. "त्यो आधी बंद केला."

बायकांनी तोंडाला पदर लावले. काकींनी त्यांचे हात हळूच बाजूला केले, माईक खाली घेतला आणि नाव घेतलं,

"लाईट गेली, लाईट आली, झाला मोठा बार,
दिनकररावांच्या हातांनी झाकलं कानांचं दार."

हॉलभर टाळ्या. तात्यांचा चेहरा मात्र पडला.

"माईकवर आलं न्हाय की! थांब, परत घे." त्यांनी अँप बंद केला, डेक, मिक्सर सगळं तपासलं, पुन्हा नियमाने चालू केलं, शेवटी अँप. सगळ्याजणी हातातला तिळगूळ न खाता वाट बघत बसलो. काकींनी कानातल्या मशीनचा आवाज वाढवून परत नाव घेतलं.

मग काकी बायकांत जाऊन बसल्या आणि बोलायला लागल्या. बोलत होत्या, कुणी काही विचारलं तर उत्तर देत होत्या, हसत होत्या. तात्या अँपशेजारी खुर्ची टाकून बघत बसले. त्यांना बाहेर जा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. त्या दिवशी तात्या पायरीवरून सगळ्यांच्या शेवटी आत आले होते, आणि गेलेसुद्धा सगळ्यांच्या शेवटी.