बनसोडे काकांची पानगळ

आमच्या वाघोलीच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी दोन गोष्टी येतात. एक, टँकर किती वाजता येणार याची सूचना. दोन, परदेशातल्या एखाद्या लालभडक झाडाचा फोटो आणि त्याखाली बनसोडे काकांचा हायकू. टँकर कधीकधी चुकतो. हायकू चुकत नाही.

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. आयुष्यभर तार खात्यात होते. तारा बंद झाल्या, काकांची काटकसर चालूच राहिली. "शब्दाला पैसे पडतात" हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं बहुधा सर्वांत लांब वाक्यही तेच. लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, "ऑफिस?" मी म्हणते, "हो काका." ते म्हणतात, "बरं." मलाही लिफ्टमध्ये बोलायला आवडत नाही, त्यामुळे अख्ख्या इमारतीत माझं त्यांच्याशीच सर्वांत चांगलं जमतं.

अशा माणसाला सतरा अक्षरांत संपणारी कविता सापडली, तेव्हा जुन्या खात्यात परत रुजू झाल्यासारखं वाटलं असणार. सकाळी गॅलरीत उभे राहून ते बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजतात. लांबून जप चाललाय असं वाटतं. खालच्या मजल्यावरच्या आजींचा तोच समज आहे आणि त्या काकांना फार मान देतात.

आता ऑक्टोबरात आमच्याकडे पानगळ बघायची तर कुंड्यांत, तीही पाणी न मिळाल्यामुळे. काकांना त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. घामानं बनियन भिजलेलं असताना ते थंडगार लाल पानांवर लिहायचे. एका रविवारी बेल वाजली.

"अनु, मेपल. मराठीत?"

"माहीत नाही हो काका. मी इंग्लिश मीडियमची."

"मग मेपलच. तीन अक्षरं. चालेल."

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आलं:

लाल मेपल
खाली वाकून पाही
आपली पाने

लिफ्टमध्ये मी धीर करून म्हणाले, "छान आहे. झाडाला वाईट वाटतंय, असंच ना?"

काका दुखावले. "वाईटबिईट काही नाही. पान दाखवायचं. भाव सांगायचा नसतो."

सुमन काकूंबद्दलही त्यांचं हेच धोरण होतं. काकू मुलीच्या बाळंतपणाला म्हणून कॅनडाला गेल्या, त्याला दीड वर्ष झालं. बाळ चालायला लागलं, काकू आल्या नाहीत. परत येणार की नाही, हे सोसायटीत सगळ्यांना विचारायचं होतं. काकांना विचारलं की उत्तर येई, "बघू." दोन अक्षरं. पुढे कोण काय विचारणार?

मग बाकाचा फोटो आला. पिवळ्या पानांचा सडा, मधोमध एक रिकामं बाक.

बाक रिकामे
पान बसले एक
जरा सरक

"कोणाची गाडी आडवी आहे?" बी विंगमधून कोणीतरी तत्काळ विचारलं. त्यावर सेक्रेटरी कदमांनी लिहिलं, "काका, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. आपल्याकडे पानं झाडूवाल्या मावशी उचलतात. त्यांच्यावर विश्वास ठेवावा."

काकांनी उत्तर दिलं, "नोंद घेतली." आणि पुढच्या सकाळी नवा हायकू टाकला.

कदमांना काकांना काढायचं धाडस झालं नाही. त्यांनी ग्रुपची साफसफाई काढली. इथे राहत नसलेल्या सगळ्यांना वगळलं: जुने भाडेकरू, एक इस्टेट एजंट आणि सुमन बनसोडे.

त्या संध्याकाळी काका दारात उभे होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"अनु, सुमनला काढलं."

"अहो काका, त्या सध्या इथे राहत नाहीत ना, म्हणून..."

"आता ती वाचणार कुठे?"

मी इतके दिवस समजत होते, काका हे फोटो नेटवरून उचलतात. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. काकूंकडून आलेले फोटो, एकाखाली एक. मुलीच्या गल्लीतली झाडं, मेपल, ते बाक. सोबत शब्द एकही नाही. काकांकडून गेलेलंही काही नाही.

"पण काका, हायकू त्यांना थेट का नाही पाठवत?"

"थेट पाठवलं की मागितल्यासारखं होतं."

आईनं त्यांना आत बसवलं. मग हळूहळू बाहेर आलं. उन्हाळ्यात काकूंनी फोनवर विचारलं होतं, परत येऊ का?

"मग तुम्ही काय म्हणालात?" आईनं विचारलं.

"म्हटलं, तुझी मर्जी."

"अहो भाऊ!"

"मान दिला मी तिला," काका म्हणाले. "सगळं आयुष्य माझ्या बदल्यांमागे फिरली. म्हटलं, या वेळी तिचं ती ठरवेल. तिनं फोन ठेवला. तेव्हापासून नुसते फोटो."

मी सहसा मोठ्यांना काही सुनवत नाही. त्या दिवशी सुनवलं. "काका, त्या तुम्हाला पान पाठवतात आणि तुम्ही तेच पान त्यांना परत करता. यातून काकूंना काय कळणार?"

काकांनी चष्मा वर सरकवून एका बोटानं टाइप केलं आणि मला दाखवलं. "ये."

"पाठवू?"

"पाठवा."

तिकडे सकाळ होती. उत्तर लगेच आलं. कित्येक महिन्यांतला काकूंचा पहिला शब्द.

"एवढंच?"

काकांचा चेहरा बोर्डाचा पेपर हातात पडल्यासारखा झाला. "आता काय लिहू?"

"मला नका विचारू काका. मराठीत मी काठावर पास."

आई चहा ठेवायला आत गेली. काकांनी खुर्ची खिडकीकडे फिरवली, आमच्याकडे पाठ केली आणि ते लिहू लागले. मध्येच थांबायचे, नाक पुसायचे, पुन्हा लिहायचे. चहा आला, गार झाला, आईनं तो उचलून नेला आणि दुसरा ठेवला. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. तरी एकदा नजर गेलीच. वाचता आलं नाही, पण एवढं दिसलं की मजकूर स्क्रीनवर मावत नव्हता.