गॅरेज तापवण्याची एकोणीस कलमं

माणूस कुठल्याही थंडीत तग धरतो, गाडीचं वॅक्स मात्र पन्नास अंशांखाली धरत नाही. (फॅरेनहाइट. तुमच्याकडचे दहा.) हे ज्याला कळलं त्याला मिशिगनचा हिवाळा कळला. म्हणून आमच्या ट्रॉयमधल्या प्रत्येक सुसंस्कृत कुटुंबाला दर नोव्हेंबरात ठरवावं लागतं की घरातलं कोण गारठलेलं चालेल. आमच्याकडे लोकशाही पद्धतीने माणसं निवडून आली.

लोकशाही म्हणजे बाबा. ते गाड्यांच्या एका कंपनीत सुरक्षा विभागात आहेत. गाडी भिंतीवर आपटली तर आत बसवलेल्या पुतळ्याच्या मानेला काय होतं, ते दिवसभर मोजतात. पुतळ्याची इतक्या मायेने काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. घरातला थर्मोस्टॅट चौसष्टच्या वर गेला की ते "स्वेटर घाला" म्हणतात. त्यांच्या चौदा वर्षांच्या गाडीला स्वेटर घालता येत नाही, म्हणून गॅरेज अडुसष्टवर.

बैठकीच्या खोलीत आमच्याकडे संविधानाची उद्देशिका फ्रेम करून लावलेली आहे. तिचा परिणाम असेल, पण हीटर आणण्याआधी बाबांनी एकोणीस कलमांची संहिता लिहिली आणि लॅमिनेट करून गॅरेजच्या दारावर लावली. सुरुवात "आम्ही, या घरातले लोक" अशी. (लोकांना विचारलं नव्हतं.) त्यातली काही कलमं अभ्यासूंसाठी देते:

कलम २. हीटर विजेचाच. गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, दयामाया नसते. (या कलमावर चाळीस मिनिटांचं व्याख्यान झालं. स्लाइड्स होत्या.)

कलम ३. हीटरभोवती तीन फूट जागा मोकळी. रंगाचे डबे, पेट्रोलचा कॅन, आईचा कुरडयांचा डबा, कोणालाही सवलत नाही.

कलम ४. एक्स्टेन्शन कॉर्ड नाही. स्वतंत्र लाइन, लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन.

कलम ७. मोठं दार चाळीस सेकंदांपेक्षा जास्त उघडं राहणार नाही. उष्णता ही घराची सामाईक संपत्ती आहे.

कलम १२. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असावा. (पुढे हिरवी टिकमार्क.)

माझी आजी, रत्नाबाई, नागपूरहून दिवाळीच्या आधी आली. तिला गॅरेजच्या वरची खोली दिली, कारण खालून आपोआप ऊब मिळते. म्हणजे आजी आमच्या घरात गाडीच्या उरलेल्या उबेवर होती. आल्या दिवशी तिने चष्मा लावून संहिता शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाली, "सारं बरं लिवलं अतुल. यात माणसाचं कलम कोणतं हाय?"

बाबा हसले. म्हणाले, ते गृहीत धरलंय.

आता कलम बाराबद्दल. आमच्याकडे अलार्म दोन. स्वयंपाकघरातला धुराचा अलार्म फोडणीला आग समजतो, म्हणून आईने त्याला हॉटेलमधून आणलेली शॉवर कॅप घातली आहे. वरच्या मजल्यावरचा धूर आणि मोनॉक्साइड दोन्हींचा. तो चकल्यांच्या दिवशी इतका किंचाळला की त्याचे सेल काढावे लागले. काढणारी व्यक्ती घरात सगळ्यात उंच होती (पाच फूट आठ इंच, थँक यू). पुढच्याच आठवड्यात ऐन सिरियलच्या वेळी आजीचा रिमोट बंद पडला. दोन सेल रिकामे पडलेच होते. मी बसवले. आजीने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, पोरगी इंजिनीअर होणार.

अलार्म छतावर होता. टिकमार्क दारावर होती. सेल सिरियलमधल्या सासू-सुनेच्या सेवेत होते. सगळी खाती आपापलं काम करत होती.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी बाबांचे मित्र राजाराम काका आले आणि सगळ्यांना जयभीम करून थेट गॅरेजमध्ये गेले. तेही गाड्यांतलेच, त्यामुळे दोघांचं छान जमतं. वॅक्स झालं, मग ऑइल बदलायचं ठरलं. ऑइल गरम असलं की नीट निथळतं, तेव्हा इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायचं. ते बाहेर अंगणात करता आलं असतं. पण बाहेर शून्याखाली, शिवाय कलम सात. तेव्हा दार बंद, इंजिन चालू, हीटर चालू, आणि दोघं इंजिनीअर आत येऊन चहा प्यायला बसले.

मी आजीला चहा द्यायला वर गेले. सिरियल चालू होती आणि आजी बघत नव्हती. म्हणाली, "डोकं लय जड झालं माय. मळमळून रायलं." आईने खालूनच बाम लावायला सांगितलं. मी बाम शोधायला टेबलावरचा रिमोट उचलला आणि त्याच वेळी पायाखाली फरशी थरथरताना जाणवली. इंजिन.

ड्रायव्हिंगच्या क्लासमधलं मला एकच वाक्य आठवतं, कारण त्या दिवशी मी जागी होते: इंजिनही मोनॉक्साइड सोडतं, बंद गॅरेजमध्ये ते चालू ठेवायचं नाही. पुढचं सगळं मी भराभर केलं. फोनवरून गॅरेजचं दार उघडलं, आजीला उठवून शालीसकट जिन्यावरून खाली आणलं. ती म्हणत होती, "काहून पळवून रायली मले?" चहाच्या टेबलावर बाबांच्या फोनला दार उघडल्याचं नोटिफिकेशन गेलं होतं. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "दीक्षा, चाळीस सेकंद होऊन गेले."

मी म्हटलं, "बाबा, आजी."

मग कोणी घड्याळ पाहिलं नाही.

फायर ब्रिगेडची माणसं आली, मीटर घेऊन घरभर फिरली. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबाने स्वयंपाकघरातल्या शॉवर कॅपकडे बराच वेळ बघितलं. मग वरच्या अलार्मचं झाकण उघडलं आणि सेल कुठे आहेत, असं शांतपणे विचारलं. बाबा म्हणाले, इन्स्टॉल केलेला आहे. तो म्हणाला, ते दिसतंय. सेल माझ्या हातात होते, रिमोटसकट. आजीला उठवताना तो मी खाली ठेवलाच नव्हता.

हॉस्पिटलमध्ये आजीला चार तास ऑक्सिजन दिला. आता ती ठणठणीत आहे. डॉक्टर बाबांना म्हणाल्या, "अजून अर्धा तास गेला असता तर," आणि वाक्य तिथेच सोडलं. बाबांना अर्धी सोडलेली वाक्यं चालत नाहीत, पण पुढचं त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅमिनेशनच्या खाली कागद चिकटवून हाताने विसावं कलम लिहिलं: इंजिन चालू तर गाडी बाहेर, अलार्ममध्ये सेल, आई (त्यांची, म्हणजे आजी) खालच्या खोलीत. आजीने चष्मा लावून वाचलं. "विसावं काहून?" म्हणाली. "हे पयलं पायजे." बाबांनी सगळी संहिता काढली आणि पुन्हा टाइप करायला घेतली. थर्मोस्टॅट सध्या सत्तरवर आहे.

तेव्हापासून मी ओळखीच्या अकरा घरांत जेवायला गेले आणि दर वेळी आधी छत बघितलं. शॉवर कॅप: चार. ड्रॉवरमध्ये, सुरक्षित: तीन. छतावर, पण सेल नाहीत: दोन. काढून कुठे ठेवला ते आठवत नाही: एक. चालू: एक. (ते नवीन आहेत, अजून फोडणी दिलेली नाही.) प्रत्येक घरात आमची गोष्ट ऐकून सगळे हळहळले, बाबांना नावं ठेवली, आणि मला आणखी एक पुरी वाढली. खुर्चीवर चढून बघायला कोणी उठलं नाही.

तुम्हीही आत्ता मनात म्हणालात ना, एवढं वाचून झालं की बघतो?

झालं वाचून. उठा.